घास बाळाच्या हातात दे, पण सासूबाईंच्या हातातला काढून घेऊ नको

आधी पत्र देते, थोडं छोटं करून.

"काकू नमस्कार, मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात असते, मिस्टर बेळगावात उद्यमबागला कामाला आहेत. बाळाला परवा सहा महिने पूर्ण झाले. मोबाईलवर बघितलं होतं की आता बाळाला भरवायचं नाही, त्याच्या हातात तुकडा द्यायचा आणि त्याचं त्याला खाऊ द्यायचं, म्हणून गाजर उकडून बोटाएवढा तुकडा दिला. दोन मिनिटं चोखलं आणि मग एकदम ओऽ ओऽ करायला लागलं, तोंड लालबुंद. सासूबाईंनी तुकडा काढून घेतला आणि 'पोराला मारूलीस काय गं' म्हणून ओरडल्या. तेव्हापासून त्या बाटलीतून नाचण्याची पातळ पेज देतात, दुपारी चहात बुडवून बिस्किट. हातात दिलेलं तर बाळ सगळं खालीच टाकतंय, पोटात काय जातच नाही. दीड महिन्यानं मला कामावर परत जायचंय. मी चुकले का? आणि उष्टावण अजून व्हायचंय, माझा भाऊ निपाणीहून येणार आहे, तोपर्यंत काही द्यायचंच नाही असं पण शेजारी म्हणतात. काय करू?"

अगं, पहिल्यांदा त्या गाजराचंच बोलू, कारण भीती तिथं बसलीय, तुझ्या मनात पण आणि सासूबाईंच्या पण.

तू लिहिलंयस त्यावरून बाळाला उबळ आली होती, घास अडकला नव्हता. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. एवढ्या लहान बाळाची उबळ येण्याची जागा जिभेवर आपल्यापेक्षा बरीच पुढं असते, म्हणजे तुकडा घशापर्यंत पोचायच्या आधीच अंग त्याला बाहेर ढकलतं, म्हणून तो ओऽ ओऽ आवाज, लाल तोंड, डोळ्यात पाणी, जीभ बाहेर. माझ्या थोरलीनं रताळ्याच्या पहिल्या तुकड्याला हेच केलं होतं. शहापूरला आम्ही भाड्यानं राहायचो तेव्हा, स्वयंपाकघरात जमिनीवर बसवलं होतं तिला, आणि मी घाबरून हात तिच्या तोंडापर्यंत नेला होता, पण तेवढ्यात तुकडा तिच्या हनुवटीवर आला, तिथून फ्रॉकवर पडला, आणि तिनं तोच तुकडा बघितला, मुठीत धरला आणि परत तोंडात घातला. डोळ्यातलं पाणी अजून गालावरच होतं. बाळ असं शिकतं, किती आत घ्यायचं आणि कुठं थांबायचं ते. काही आठवड्यांत उबळ कमी होते.

खरं अडकतं तेव्हा आवाज येत नाही, हे लक्षात ठेव. बाळ रडत नाही, खोकत नाही, नुसतं तोंड उघडं, ओठ निळसर व्हायला लागतात. खोकत असेल, आवाज करत असेल तर हात लावू नको, बघत राहा, पाठीवर थापट्या मारू नको, आणि तोंडात बोट तर अजिबात घालू नको कारण बोटानं तुकडा आणखी आत जातो. पण आवाज बंद झाला असेल तर एक सेकंद पण थांबायचं नाही, बाळाला हातावर उपडं घ्यायचं, हात मांडीवर टेकवायचा, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा आपल्या बोटांत धरलेला, आणि तळहाताच्या टाचेनं दोन्ही खवाट्यांच्या मध्ये जोरात 5 थपके. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर 5 वेळा दाबायचं, परत उपडं, परत 5. एकानं हे करायचं आणि दुसऱ्यानं 108 ला फोन लावायचा. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नसतं. हे वाचून हाताला येत नाही, त्यामुळं लसीकरणाला जाशील तेव्हा सिस्टरना सांग एकदा करून दाखवा म्हणून, आणि सासूबाईंना बरोबर घेऊन जा, खरंच, कारण तू कामावर गेलीस की बाळाजवळ त्याच असणार.

आता हातानं खाणं धोक्याचं आहे का? न्यूझीलंडमध्ये सुमारे दोनशे आयांना घेऊन ह्याचा नीट अभ्यास झालाय, 2016 साली छापून आला. अर्ध्या घरांना स्वतःच्या हातानं खाऊ द्या म्हणून सांगितलं, आणि त्याबरोबर कुठला पदार्थ कसा द्यायचा, कुठला द्यायचा नाही हे पण शिकवलं. त्या बाळांना अडकण्याचे प्रसंग चमच्यानं भरवलेल्या बाळांपेक्षा जास्त आले नाहीत. पण त्यातच दुसरी गोष्ट पण दिसली, दोन्हीकडच्या पुष्कळ बाळांना अडकू शकतील असले पदार्थ घरात दिले जात होते. म्हणजे चमचा की हात ह्याच्यापेक्षा काय दिलं आणि कोण बघत होतं ते महत्त्वाचं.

म्हणून आपल्याकडचं सांगते. चिरमुरे. आपल्या भागात चिरमुऱ्याचा डबा नाही असं घर नाही, आणि बाळ रडलं की दोन चिरमुरे पुढं टाकायची सवय पण सगळीकडे. नको. शेंगदाणे, फुटाणे, काजू, कच्चं गाजर, कच्चं सफरचंद, अख्खं द्राक्ष, पॉपकॉर्न, मक्याचे दाणे, खोबऱ्याचा तुकडा, काही नको. लहान पोरांच्या श्वासनळीतून डॉक्टरांना जे काढावं लागतं त्यात शेंगदाण्याचा नंबर फार वरचा, आणि तो थोरल्या भावंडाच्या हातातून पण येऊ शकतो. घरात मोठी पोरं असतील तर त्यांना जवळ बसवून सांग. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, पण दाण्याचं बारीक कूट भातात मिसळून किंवा वाटून पातळ करून देता येतं, उलट सहा महिन्यांनंतर शेंगदाणा आणि अंडं उगाच लांबवू नये असंच आता डॉक्टर सांगतात, पहिल्यांदा अगदी थोडं द्यायचं, सकाळच्या वेळी, म्हणजे अंगावर काही उठलं तर दिवसा कळतं. बाळाला अंगभर इसबाचा (एक्झिमाचा) त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार.

तुझं बाळ तयार आहे का ते तू बघ, मी इथून सांगू शकत नाही. मांडीवर थोड्या आधारानं ताठ बसतं का, मान स्थिर आहे का, वस्तू धरून बरोबर तोंडाशी आणतं का, आणि तोंडात घातलेलं जिभेनं लगेच बाहेर ढकलायचं बंद झालंय का. हे सगळं होय असेल तर सुरू कर. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं असेल तर नुसता महिना मोजून चालत नाही, डॉक्टरांना विचारून घे.

आणि बसवायचं कसं, तर ती मोबाईलमधली उंच खुर्ची लागत नाही. जमिनीवर मांडी घालून बस, बाळाची पाठ तुझ्या पोटाला टेकव, पुढं एक धुतलेला पाट. ताटली देऊ नको, फेकणार ते, पाटावरच ठेव. खाली जुनी साडी अंथर, जेवण झालं की चारी टोकं धरून बाहेर झटकायची. आडवं झोपवून, पाळण्यात, कडेवर घेऊन फिरत, गाडीवर, असं कधीच काही खायला द्यायचं नाही. आणि तुकडा त्याच्या हातात द्यायचा किंवा पाटावर ठेवायचा, तोंडात आपण कोंबायचा नाही. त्या दिवशी गाजराचा तुकडा सासूबाईंनी ओढून काढला, घाबरल्या म्हणून काढला, मला कळतं, पण त्यानं बाळ पण घाबरतं आणि तुकडा तुटून आत राहू शकतो.

तुझ्या गाजरात एकच शंका आहे मला, पुरेसं शिजलं होतं का? आपला अंगठा आणि बोट ह्यांच्यामध्ये दाबल्यावर चटकन चिरडलं पाहिजे, एवढं मऊ. गाजर हट्टी असतं, बाहेरून मऊ वाटतं आणि मधला दांडा तसाच. म्हणून सुरुवातीला रताळं घे की. आपल्या पश्चिम भागातली रताळी तर लांब लांब जातात, ती आपल्याच पोरांना नकोत होय? कुकरमध्ये उकडायची, साल काढायची, आपल्या बोटाएवढी लांब फोड करायची, म्हणजे मुठीत धरल्यावर वर अर्धी शिल्लक राहते. सहा महिन्यांचं बाळ पूर्ण मुठीनंच धरतं, मुठीच्या आतलं त्याला खाता येत नाही. चिमटीनं दाणा उचलणं नवव्या महिन्याच्या आसपास जमतं, तेव्हा बारीक फोडी द्यायच्या. लाल भोपळा, बटाटा, मऊ शिजवलेला फ्लॉवरचा तुरा, त्याला दांडा असतो म्हणून धरायला फार छान, जवारी म्हणजे गावठी केळं अर्ध्या सालीसकट म्हणजे हातातून सटकत नाही. शनिवारच्या बाजारात कायपल्ले, म्हणजे भाजीपाला, आणतेस ना, त्यातलं निम्मं चालतं.

आता सासूबाईंची पेज.

त्यांचं चुकतंय असं म्हणून सुरू करू नको, कारण नाचणा ही त्यांनी निवडलेली गोष्ट बरोबर आहे, कॅल्शियमला नाचण्याच्या जवळपास दुसरं धान्य जात नाही. चुकतंय ते पातळपण आणि बाटली. बाटलीच्या बुचाचं भोक मोठं करून त्यातून पेज दिली की बाळ ती नुसती ढोसतं, चावायला शिकत नाही, पोट पाण्यानं भरतं आणि दूध कमी पितं. बाटली नीट धुतली गेली नाही तर जुलाब वेगळेच. आपल्याकडे बाळाला पाणी द्यायची फार सवय आहे, भाताचं पाणी, डाळीचं पाणी, बुधवारी-रविवारी मटण असलं की वरचं अळणी पाणी. ताकद डाळीत आणि मटणात राहते गं, पाण्यात चव उतरते. चमचा वाकडा केल्यावर पटकन ओघळत नाही एवढं घट्ट पाहिजे बाळाचं जेवण. तीच नाचण्याची पेज घट्ट शिजवून वर अर्धा चमचा तूप घालून वाटीत द्या म्हणावं, नाहीतर नाचण्याचं पीठ आणि भिजवून वाटलेली मूगडाळ मिसळून तव्यावर मऊ धिरडं घालायचं आणि त्याच्या पट्ट्या कापायच्या, ह्या पट्ट्या बाळं फार आवडीनं धरतात. तवा लोखंडी असला तर आणखी चांगलं.

लोहाचं जरा थांबून सांगते कारण हातानं खायला देणाऱ्या आयांकडून हीच गोष्ट राहून जाते. बाळ जन्मताना अंगात लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहा महिन्यांच्या सुमाराला संपत येतो, आणि आईच्या दुधात बाकी पुष्कळ काही असलं तरी लोह फार थोडं. आणि नेमकं ह्याच वयात आपण काय देतो तर काकडी, सफरचंद, केळं, बिस्किट, म्हणजे लोह जवळजवळ नाहीच. म्हणून रोजच्या एका तरी जेवणात लोहाचं काहीतरी पाहिजे, मसूर, मटकी, हुलगे मऊ शिजवून घोटून, पालेभाजी घातलेलं धिरडं, पूर्ण उकडलेल्या जवारी अंड्याच्या लांब फोडी, आणि तुम्ही मांसाहारी असाल तर मटण किंवा काळीज मऊ शिजवून बारीक करून भातात. मसाला घालायच्या आधी बाळाचं बाजूला काढायचं. डाळ-भाजीवर दोन थेंब लिंबू पिळ, त्यानं लोह अंगी लागतं. आणि चहा त्याच्या बरोबर उलटं करतो, खाण्यातलं लोह अंगात जाऊ देत नाही. सासूबाईंना हे एवढंच सांग, "आई, चहानं बाळाचं रक्त वाढत नाही", वाद घालू नको, त्यांना रक्त कमी असणं म्हणजे काय ते चांगलं कळतं. दुपारच्या बिस्किटाऐवजी त्यांच्या हातची भाकरी द्यायला सांग, आतला मऊ भाग वरणात कुस्करून. कड पूर्वी द्यायचे चोखायला, पण कडक कडेचा तुकडा मोडून अडकू शकतो, म्हणून ती नको. शिवाय सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचं औषध सरकारकडून मिळतं, आशाताईंकडे माग, दिलं नसेल तर विचार. थायी कार्डवरचं, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी कार्डवरचं, कन्नड वाचता येत नसेल तर त्यांनाच वाचून दाखवायला सांग, वजनाची रेघ कुठं आहे ते पण बघून घे, लाजू नको, बाळ आपलं आहे.

मीठ, साखर, गूळ पहिल्या वर्षी नको. गूळ पण साखरच आहे. गायीचं म्हशीचं दूध प्यायला म्हणून वर्ष झाल्यावर, पण दही, ताकातला भात, थोडं दूध घालून शिजवलेलं चालतं. पाणी उकळून गार केलेलं, जेवताना दोन घोट, वाटीनं किंवा छोट्या पेल्यानं.

"पोटात काय जातच नाही" म्हणतीस ना, बरोबर आहे, पहिले काही आठवडे फार जात नाही. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, सुरुवातीला दोन-तीन चमचे, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत, एवढंच लागतं. मुख्य जेवण अजून तुझंच दूध आहे, आधी पाजून अर्ध्या पाऊण तासानं खायला बसव, फार भुकेलं किंवा झोपाळलेलं बाळ तुकड्याशी खेळत बसत नाही, रडतं. पण ह्याचमुळं मी तुला नुसतं हातानंच खाऊ दे असं सांगणार नाही. ती पद्धत ब्रिटनमध्ये 'बेबी-लेड वीनिंग' ह्या नावानं गाजली, तिथं तसं करणारे पुष्कळ आहेत, करू देत, पण आपल्याकडे वरण-भात, खिमट, पेज असलं घोटलेलं अन्न आहे, ते बाळाच्या मुठीत राहत नाही आणि ते सोडून देण्यासारखं पण नाही. दोन्ही कर. तुकडा त्याच्या हातात, आणि मधे मधे मऊ भाताचा घास आजीच्या हातानं. अट एकच, घास तोंडासमोर धरायचा आणि थांबायचं. तोंड उघडलं तर द्यायचा, मान वळवली तर संपलं. चिऊ-काऊ सांगत, मोबाईल दाखवत, रडताना तोंडात सारायचं नाही. काय द्यायचं, कधी द्यायचं, कुठं बसवायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते बाळाला ठरवू द्या.

सासूबाईंना तू उभं राहून समजावलंस तर पटणार नाही, बसवलंस तर पटेल. उद्या सकाळी बाळाला त्यांच्याच मांडीवर दे, पाट पुढं, रताळ्याची एक फोड, त्यांच्या हातात वाटी. त्यांनी स्वतःची पोरं खेळताना अंगणात बसून भाकरी कुरतडतच मोठी केली असणार, विचार त्यांना, सांगतील. तू दीड महिन्यानं कामावर जाणार तोपर्यंत त्यांचा हात बसला पाहिजे, म्हणून आत्तापासून दिवसातलं एक जेवण पूर्ण त्यांच्याकडे सोड आणि तू लांब बस. दूध काढून ठेवायचं पण आत्तापासून सवयीचं कर.

वजन दोन महिने वाढलंच नाही, किंवा बाळ बसतच नाही, प्रत्येक घासाला खोकतं, किंवा आठ महिने होऊन पण काहीच तोंडात घेत नाही, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, तिथं मी सांगितलेलं पुरणार नाही.

आणि उष्टावणापर्यंत थांबू नको. सहा महिने झालेत, त्याला आज अन्न पाहिजे, भावाला सुट्टी मिळेल तेव्हा नाही. मामा येईल तेव्हा थाटात करा, औक्षण करा, सोन्याची अंगठी धुऊन खिरीत बुडवून ओठाला लावा, तेवढ्या खिरीनं काही होत नाही, पण अंगठी मामाच्या बोटात घट्ट असू दे, सुटी धरू नका. मध तेवढा नको. मधात एका जिवाणूचे बीज असू शकतात, उकळून पण ते मरत नाहीत, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, बाळ लुळं पडतं. कुणी वडीलधारं म्हणेल नुसतं बोट चाटव, शास्त्र असतं, तर तू बाळाला उचलून आत घेऊन जा. वर्ष होईपर्यंत मध नको, अंगठीला लावून पण नको.